‘पुढे काय झालं?’ : मुलांसाठी पुस्तके निवडताना



काही दिवसांपूर्वी घरभेटींच्या निमित्ताने आम्ही एका कुटुंबात गेलो होतो. प्रार्थना झाली, चहा झाला. सहावीतल्या मुलाच्या टेबलावर धर्मशिक्षणाच्या वर्गात मिळालेली तीन वर्षांची बक्षिसे ओळीने मांडलेली दिसली. तिन्ही पुस्तके संतचरित्रांची, तिन्ही आम्हीच निवडलेली, आणि तिन्हींवरचे प्लास्टिकचे वेष्टण जसेच्या तसे! “का रे बाळ, आवडली नाहीत का?” आम्ही विचारले. आईने डोळे वटारले. मुलगा थोडा घुटमळला आणि म्हणाला, “फादर, तुम्ही वाचलीत का ती?”

खरे सांगायचे तर आम्ही ती वाचलेली नव्हती. दुकानात मुखपृष्ठ पाहिले, किंमत पाहिली, विजेत्यांची संख्या मोजली आणि गठ्ठा बांधून घेतला. जे पुस्तक आम्ही स्वतः उघडले नाही, ते मुलाने उघडावे अशी आमची अपेक्षा होती.

दुसरा प्रसंग त्यानंतरच्या रविवारचा. मिस्सामध्ये पहिले वाचन करण्यास आम्ही नववीतल्या एका मुलीला सांगितले होते. तिने स्पष्ट, न अडखळता वाचले. लोकांनी कौतुक केले. मिस्सानंतर तिचा कागद वाचनपीठावर राहिला होता, तो आम्ही उचलून पाहिला. संपूर्ण वाचन तिने इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतले होते. ही मुलगी घरी आपल्या बोलीत बोलते, मराठी गायने म्हणते, आजीशी मराठीत भांडते. पण मराठी वाचू शकत नाही. आजीचे बायबल तिच्यासाठी बंद पुस्तक आहे.

या दोन्ही गोष्टींसाठी आम्ही मुलांना दोष देत नाही. वाचावेसे वाटेल असे पुस्तक आपण त्यांच्या हाती दिले का, हा प्रश्न आधी आपण मोठ्यांनी स्वतःला विचारायला हवा. म्हणून या रविवारी आपण मुलांसाठी पुस्तके कशी निवडावी याचा थोडा अभ्यास करू या.

१. प्रभू येशूने गोष्टी कशा सांगितल्या?

प्रभू येशू हा उत्तम गोष्ट सांगणारा होता, हे आपण विसरतो. ‘माझा शेजारी कोण?’ असे शास्त्र्याने विचारले तेव्हा प्रभूने व्याख्या दिली नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली, आणि शेवटी उत्तर न देता प्रश्न विचारला (लूक १०). उधळ्या पुत्राच्या दाखल्यात तर शेवटच राखून ठेवला आहे. थोरला भाऊ रागावून दाराबाहेर उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे. तो आत गेला की नाही? लूक सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवायचे आहे.

जुन्या करारातही हेच दिसते. दावीद राजाने मोठे पाप केले होते. नाथान संदेष्ट्याने त्याला उपदेश केला नाही. एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. ऐकता ऐकता राजा संतापला, आणि मग त्याला कळले की गोष्टीतला दुष्ट माणूस आपणच आहोत (२ शमुवेल १२). समोरच्या दाराने आलेल्या उपदेशाला राजाने दार लावले असते. गोष्ट मागच्या दाराने घरात शिरली.

आता आपण मुलांना काय देतो ते पाहा. ज्या पुस्तकाच्या प्रत्येक पानावर बोध आहे आणि शेवटी ‘तात्पर्य’ ठळक अक्षरांत छापले आहे, ते पुस्तक आपल्याला सुरक्षित वाटते. मुलाला मात्र पहिल्या पानावरच कळते की, हे गोष्टीच्या वेष्टणात गुंडाळलेले भाषण आहे. तो पुस्तक बाजूला ठेवतो. त्याचे काही चुकत नाही.

२. पुस्तकाच्या दोन कसोट्या

चांगल्या पुस्तकाला आम्ही दोन कसोट्या लावतो. पहिली कसोटी वाचतानाची : ‘पुढे काय झालं?’ असे मूल स्वतःहून विचारते का? जेवायला हाक मारली तर ‘एवढं पान संपवून येतो’ म्हणते का? दुसरी कसोटी वाचून झाल्यावरची : पुस्तक मिटल्यानंतर मुलाच्या मनात काय उरते?

ही दुसरी कसोटी आमची नाही. ती संत इग्नेशियस लोयोला यांच्या आयुष्यातून आली आहे. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोना येथे तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या वेळ जावा म्हणून त्यांनी शूर सरदारांच्या, पराक्रमाच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्या. होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतांच्या कथा. नाइलाजाने त्यांनी ती पुस्तके वाचली. वाचता वाचता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. दरबार आणि शौर्याची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे काही करावे असे मनात आले की, तो आनंद नंतरही टिके. या साध्या निरीक्षणातून पुढे ख्रिस्तसभेला मनाची पारख करण्याची एक मोठी पद्धत मिळाली.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. इग्नेशियसना संतचरित्रे भावली ती त्यांनी ती साहसकथांसारखी वाचली म्हणून. ‘संत फ्रान्सिसने हे केले, मग मी का करू नये?’ असा विचार ते करू लागले. म्हणजे पराक्रमाची त्यांची भूक कोणी मारली नाही. तिला अधिक चांगले अन्न मिळाले. आपल्या मुलांनाही साहस, हसू, रहस्य, भीती, मैत्री यांची भूक असते. ती भूक हा दोष नव्हे. ती देवाने दिलेली आहे.

दोन्ही कसोट्या एकत्र लावल्या पाहिजेत. केवळ पहिली लावली तर मोबाइलवरचा कोणताही खेळ पास होईल. केवळ दुसरी लावली तर आमची प्लास्टिकमधली तीन पुस्तके पास होतील, आणि ती कोणी वाचणार नाही.

३. आपल्याच मातीतला नायक

‘मग संतचरित्रे देऊच नयेत का?’ असे कोणी विचारील. जरूर द्यावीत, पण निवडून. आपल्या वसईचेच उदाहरण घेऊ. संत गोन्सालो गार्सिया यांची एक ओळख अशी करून देता येते : ‘ते बालपणापासून धार्मिक, आज्ञाधारक व नम्र होते.’ झाले! दहा वर्षांच्या मुलाने जांभई दिली.

दुसरी ओळख अशी. सुमारे १५५७ साली वसईत एक मुलगा जन्मला. जो किल्ला पाहायला तुम्ही सहलीला जाता, तेथे तो जेजुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला. मिसरूडही फुटले नसेल अशा वयात तो त्यांच्याबरोबर जहाजाने जपानला निघाला. तेथील भाषा शिकला, लोकांमध्ये मिसळला. आपल्याला संघात घ्यावे अशी त्याची फार इच्छा होती, पण ती मान्य झाली नाही. निराश होऊन तो व्यापारात पडला. पुढे मनिला येथे तो फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. मग छळ सुरू झाला. भर हिवाळ्यात कैद्यांना क्योटोकडून नागासाकीपर्यंत चालवत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत लुई इबाराकी नावाचा बारा वर्षांचा मुलगाही होता. १८६२ साली ख्रिस्तसभेने या सर्वांना संत म्हणून घोषित केले.

संत तोच. पण दुसऱ्या गोष्टीत समुद्र आहे, परकी भाषा आहे, नकार आहे, चुकलेली वाट आहे. ज्या मुलाला संघात प्रवेश मिळाला नाही तोच पुढे संत झाला, हे वाचून शाळेच्या क्रिकेट संघातून वगळलेल्या आपल्या मुलाला काय वाटेल, याचा विचार करा. संतचरित्र घेताना दोन-चार पाने दुकानातच वाचा. संत कोठेतरी अडखळतो का, रडतो का, हसतो का, ते पाहा. ज्या पुस्तकातला संत पहिल्या पानापासून पुतळाच आहे, ते पुस्तक परत ठेवा.

४. वयाप्रमाणे निवड

सहा वर्षांपर्यंत : या वयात पुस्तक ऐकायचे आणि पाहायचे असते. चित्रे ठसठशीत, मजकूर थोडा. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ ही छोटी पुस्तके आम्ही आवर्जून सुचवतो. पुरंदरेबाई स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रे काढतात. घरातल्या रोजच्या घडामोडी मुलाच्या नजरेतून कशा दिसतात ते त्यांत आहे. बालसाहित्यासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला आहे. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्स यांचीही चित्रांची मराठी पुस्तके परवडणाऱ्या किमतीत मिळतात.

सात ते अकरा : आता मुलाला कृती हवी, गंमत हवी. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ अजूनही जुना झालेला नाही. फुरसुंगीहून पुण्याला शिकायला आलेला किडकिडीत बन्या संकटात स्वतःहून उडी घेतो आणि ‘ट्टॉक्’ म्हणत बाहेर येतो. भागवतांनीच ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथाही मराठीत आणल्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. लहान लहान मजकूर असल्यामुळे लांब पुस्तकाला घाबरणाऱ्या मुलासाठी ते उत्तम.

बारा-तेराच्या आसपास : ‘तोत्तोचान’ द्यावे. तेत्सुको कुरोयानागी या जपानी लेखिकेची ही शाळेची आठवण मराठीत उपलब्ध आहे. एका शाळेतून काढून टाकलेली लहान मुलगी नव्या शाळेत जाते. तेथे रेल्वेचे डबे हेच वर्ग! मुख्याध्यापक पहिल्याच दिवशी तिचे बोलणे कित्येक तास शांतपणे ऐकून घेतात. हे पुस्तक मुलांआधी पालकांनी वाचावे अशी आमची विनंती आहे. याच वयाला साने गुरुजींची ‘श्यामची आई’ही आहे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक काही मुलांना आज संथ वाटते. म्हणून ते मुलाच्या हाती देऊन मोकळे होऊ नका. रोज एक प्रकरण आपण वाचून दाखवा.

चौदाच्या पुढे : आता मुलांना स्वतःविषयी प्रश्न पडतात. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’ या पुस्तकात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन भेटतो. मनात काहीतरी दाटून येते पण नेमके काय ते सांगता येत नाही, ही त्या वयाची अवस्था त्यात हुबेहूब आहे. अ‍ॅन फ्रँकची दैनंदिनीही मराठीत आहे. तेराव्या वाढदिवसाला मिळालेल्या वहीत ती लिहू लागली, आणि १९४५ साली छळछावणीत तिचा अंत झाला. युद्ध म्हणजे काय, हे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा ही वही अधिक सांगते.

५. ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांचे काय?

आपली पुष्कळ मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यांच्या बाबतीत आपण एक चूक करतो. मुलगी नववीत आहे म्हणून नववीचे मराठी पुस्तक देतो. ती पहिल्या ओळीला अडते, तिला लाज वाटते, आणि मराठी कायमची सुटते. मराठी वाचनात ती दुसरीत आहे असे समजून सुरुवात करावी, पण गोष्ट मात्र पोरकट नसावी. त्यासाठी चित्रकथा, विनोद आणि छोट्या रहस्यकथा उपयोगी पडतात.

पाच बोटांची एक सोपी युक्ती आहे. पुस्तकाचे मधलेच एक पान मुलाला वाचू द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचे. पान संपायच्या आत पाचही बोटे दुमडली तर ते पुस्तक सध्या कठीण. एक-दोन दुमडली तर अगदी योग्य. दुसरा उपाय आजी-आजोबांचा : रोझरीनंतर पंधरा मिनिटे एक पान आजीने वाचायचे, एक नातवाने.

सोळाव्या शतकात फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले. त्यांनी आपल्या लोकांची भाषा शिकून घेतली आणि १६१६ साली १०,००० हून अधिक ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत छापले. लोकांना पुराणे ऐकण्याची गोडी होती, म्हणून त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत घातली. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ दिले. एवढा वारसा ज्या भाषेत आहे, ती भाषा आपल्या नातवंडांनी इंग्रजी अक्षरांत उतरवून वाचावी, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते.

६. पालकांच्या काही शंका

‘गोष्टींत जादू, चेटकिणी, दुष्टपणा असतो, त्याचे काय?’ ही काळजी फार जुनी आहे. लहानपणी ऐकलेल्या गोष्टी मनावर ठसतात, म्हणून मुलांना कोणत्या गोष्टी सांगाव्यात यावर नियंत्रण असावे, असे प्लेटोने चोवीसशे वर्षांपूर्वीच म्हटले होते. त्याची काळजी रास्त होती. पण उपाय जरा कडक होता. पवित्र शास्त्रातच पाहा. काइन भावाला ठार मारतो, योसेफाचे भाऊ त्याला विकतात, पेत्र प्रभूला नाकारतो. बायबल वाईट झाकत नाही, वाईटाला वाईट म्हणते. सी. एस. लुइस या श्रद्धावान ख्रिस्ती लेखकाने मुलांसाठी नार्नियाची सात पुस्तके लिहिली, त्यांतही चेटकीण आहेच. म्हणून गोष्टीत दुष्टपणा आहे का, एवढेच पाहू नका. गोष्ट दुष्टपणाची बाजू घेते का, दुसऱ्याच्या वेदनेची थट्टा करते का, ते पाहा. शंका आली तर पुस्तक आधी स्वतः वाचा. न वाचता बंदी घालू नका.

‘पुस्तक अर्धवट टाकतो.’ टाकू द्या. आपणही सगळी पुस्तके पुरी करत नाही. दुसरे द्या, तिसरे द्या. ‘एकच पुस्तक दहा वेळा वाचतो.’ उत्तम! आपणही शुभवर्तमान दरवर्षी ऐकतोच.

‘अभ्यासाचे सोडून अवांतर वाचतो.’ येथे पोप फ्रान्सिस यांचा अनुभव सांगण्याजोगा आहे. जुलै २०२४ मध्ये त्यांनी साहित्याच्या महत्त्वावर एक पत्र लिहिले. त्यात ते सांगतात की, १९६४-६५ मध्ये ते अर्जेंटिनातील सांता फे येथील जेजुइट शाळेत साहित्य शिकवत होते. अभ्यासक्रमात जुने वीरकाव्य होते, मुलांना मात्र गार्सिया लोर्का वाचायचा होता. तरुण शिक्षकाने ठरवले : वीरकाव्य घरी वाचा, वर्गात आपण तुमच्या आवडीच्या लेखकांवर बोलू. हळूहळू मुलांना वाचनाची गोडी लागली आणि ती इतर पुस्तकांकडेही वळली. मुलाची आवड हे वाचनाचे दार आहे. आत आल्यावर तो सगळे घर फिरून पाहील. दारातच अडवले तर परत जाईल.

७. आपण काय करू या?

आमच्यापासून सुरुवात करतो. यंदाच्या बक्षीस समारंभात आम्ही पुस्तके निवडणार नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या पाच मुलांना सोबत घेऊन आम्ही दुकानात जाऊ. मुले निवडतील, आम्ही प्रत्येक पुस्तक घरी आणून वाचू, आणि मगच ते बक्षीस म्हणून देऊ. चर्चच्या सभागृहातले मागचे कपाट रिकामे करून घेतले आहे. रविवारच्या मिस्सानंतर ते मुलांसाठी उघडे राहील. ज्यांच्या घरी चांगली बालपुस्तके आहेत त्यांनी ती द्यावीत. मात्र आपल्याला नको म्हणून नव्हे, तर दुसऱ्या कोणाला आवडतील म्हणून. कपाटाची वही मुलेच सांभाळतील.

ज्या मुलाने आम्हाला तो प्रश्न विचारला, त्याची तीन पुस्तके आम्ही मागून आणली आणि वाचली. दोन खरोखरच कंटाळवाणी निघाली. तिसरे चांगले होते. ते आम्ही त्याला परत नेऊन दिले आणि सांगितले, “हे वाच. बावीसाव्या पानापासून सुरू कर, तिथे वादळ आहे.” या वेळी प्लास्टिक काढलेले होते.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या लहानपणी तुम्ही चोरून वाचलेले किंवा पुन्हा पुन्हा वाचलेले पुस्तक कोणते? ते मुलांना सांगा.

२. गेल्या वर्षभरात घरात मुलांसाठी किती पुस्तके आली? त्यांतली किती मुलांनी स्वतः निवडली?

३. लूक १५ मधील उधळ्या पुत्राची गोष्ट आज रात्री मोठ्याने वाचा. थोरला भाऊ घरात गेला असेल का? आधी मुलांना बोलू द्या. तुम्ही तात्पर्य सांगू नका.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू